जकातनाका आणि मतपेटी

आयर्लंड हें नांव महाराष्ट्राला परकें नाहीं. न. चिं. केळकरांनीं त्या देशाचा इतिहास मराठींत लिहिला. आणि १९१६ सालीं लोकमान्यांनीं व बेझंटबाईंनीं ज्या होमरूल संघांची स्थापना केली, त्यांचें नांवच मुळीं आयरिश चळवळींतून उचललेलें होतें. पुढें ही ओळख विरळ होत गेली. ती अकस्मात् ताजी झाली १४ जून २०१७ या दिवशीं. लिओ वराडकर नांवाचे अडतीस वर्षांचे डॉक्टर त्या दिवशीं आयर्लंडचे मुख्य प्रधान झाले. वडील मुंबईहून तिकडे गेलेले डॉक्टर, आई आयरिश परिचारिका, आणि घराण्याचें मूळ गांव मालवण तालुक्यांतील वराड. २०१९ च्या डिसेंबरअखेर ते कुटुंबासह वराडला येऊनहि गेले. गांवानें त्यांचें कौतुक केलें तें स्वाभाविकच होतें. परंतु त्यानंतर सुमारें सहा आठवड्यांनीं त्यांच्या देशबांधवांनीं निवडणुकींत त्यांना कसें वागविलें, आणि तें तसें कां, हा प्रश्न कौतुकाहून अधिक विचार करण्याजोगा आहे.

वरवर पाहतां वराडकरांची बाजू भक्कम होती. ३१ जानेवारी २०२० रोजीं ब्रिटन युरोपीय संघांतून बाहेर पडलें. ब्रेक्झिट हा शब्द जगाच्या तोंडीं बसून तोंवर साडेतीन वर्षें लोटलीं होतीं, आणि त्या सर्व काळांत ब्रिटनखालोखाल कोणाचें अधिक नुकसान होणार असेल तर तें शेजारच्या आयर्लंडचें, असें सर्वांचें मत होतें. वराडकर आणि त्यांचे परराष्ट्रमंत्री सायमन कोव्हेनी यांनीं संघांतील उरलेल्या सव्वीस राष्ट्रांना आपल्या पाठीशीं उभें केलें व आपली मुख्य मागणी करारांत लिहवून घेतली. सुमारें पन्नास लक्ष वस्तीच्या देशानें लंडनला आपलें म्हणणें मान्य करावयास लावावें, असा प्रसंग इतिहासांत वारंवार येत नाहीं. आठ दिवसांनीं, ८ फेब्रुवारीला, मतदान झालें. लोकसभेच्या १६० जागांपैकीं फिआना फॉल पक्षाला ३८, शिन फेनला ३७ आणि वराडकरांच्या फिने गेलला ३५ जागा मिळाल्या. खुद्द वराडकर आपल्या पश्चिम डब्लिन मतदारसंघांत पहिल्या पसंतीच्या मतांत शिन फेनच्या उमेदवाराच्या मागें राहिले व पांचव्या मोजणीअखेर निवडून आले. मत देऊन बाहेर पडणाऱ्यांना विचारण्यांत आलें कीं, तुम्हीं मुख्यतः कोणत्या प्रश्नावर मत दिलें? शंभरांतील बत्तीस म्हणाले, आरोग्य. सव्वीस म्हणाले, घरें. ब्रेक्झिट म्हणणारा शंभरांत एक निघाला.

या निकालाचा अर्थ लावण्यासाठीं शंभर वर्षें मागें जावें लागतें. ६ डिसेंबर १९२१ रोजीं लंडनमध्यें आयरिश पुढाऱ्यांनीं ब्रिटिश सरकारशीं तह केला. त्या तहानें सव्वीस परगण्यांचें ‘फ्री स्टेट’ निर्माण झालें. ईशान्येकडील सहा परगणे १९२० च्या कायद्यानें आधींच वेगळे काढलेले होते, ते ब्रिटनकडे राहिले. आणि नव्या लोकसभेच्या सभासदांना ब्रिटिश राजाशीं इमान राखण्याची शपथ घ्यावी लागणार होती. मायकेल कॉलिन्स व आर्थर ग्रिफिथ यांचें म्हणणें असें कीं, मिळालें तें पदरांत घ्यावें आणि पुढची वाट चालावी. डी व्हॅलेरा यांना तें स्वातंत्र्यच वाटेना. ७ जानेवारी १९२२ रोजीं ६४ विरुद्ध ५७ मतांनीं तह मंजूर झाला, आणि सहा महिन्यांच्या आंत कालचे सोबती एकमेकांवर गोळ्या झाडूं लागले. कॉलिन्स त्याच वर्षीं २२ ऑगस्टला स्वतःच्याच कॉर्क परगण्यांत मारले गेले. १९२३ च्या मे महिन्यांत यादवी थांबली. तिची धग मात्र राहिली. तहाच्या बाजूचे लोक पुढें फिने गेल या पक्षांत एकत्र आले. डी व्हॅलेरांनीं १९२६ सालीं जुन्या शिन फेनमधून बाहेर पडून फिआना फॉल काढला. इतर देशांत पक्षभेद बहुधा धनिक आणि श्रमिक, सनातनी आणि सुधारक अशा रेषेवर पडतात. येथें तसें कांहीं नव्हतें. आजोबा यादवींत कोणत्या बाजूला होते, यावर नातवाचें मत ठरे. आपल्याकडील शब्दांत सांगावयाचें तर ही भाऊबंदकी होती. स्वातंत्र्यापासून २०२० पर्यंत प्रत्येक मुख्य प्रधान या दोन घराण्यांपैकींच एकाचा झाला, आणि हीं दोन घराणीं एका मंत्रिमंडळांत कधीं बसलीं नाहींत.

या भाऊबंदकीला खतपाणी मिळालें तें ब्रिटनशीं असलेल्या व्यापारामुळें. राज्य वेगळें झालें तरी त्याचें पोट ब्रिटिश बाजारावरच चाले. त्या पहिल्या दशकांत आयरिश निर्यातींपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक माल ब्रिटनकडे किंवा ब्रिटनच्या ताब्यांतील सहा परगण्यांकडे जाई, आणि त्यांत प्रामुख्यानें गुरें, लोणी, अंडीं व डुकराचें मांस असे. मार्च १९३२ मध्यें डी व्हॅलेरा अधिकारावर आले. पूर्वीं आयरिश कुळांना जमिनी विकत घेतां याव्या म्हणून ब्रिटिश सरकारनें कर्जें दिलीं होतीं. त्यांचे हप्ते, दरसाल तीस लक्ष पौंडांच्या घरांत, लंडनला जात असत. आपल्याच पूर्वजांच्या जमिनीसाठीं आपण पैसे कां भरावेत, असा डी व्हॅलेरांचा सवाल होता. त्यांनीं हप्ते रोखले. जुलैमध्यें ब्रिटननें आयरिश गुरांवर व शेतमालावर शेंकडा वीस जकात बसविली आणि ती पुढें आणखी वाढविली. आयर्लंडनें ब्रिटिश कोळसा, सिमेंट, लोखंड यांवर उलट जकात बसविली. सहा वर्षें चाललेल्या या झगड्याला आयरिश लोक ‘आर्थिक युद्ध’ म्हणतात.

युद्ध हा शब्द अतिशयोक्तीचा वाटेल. पण गोठ्यांत उभें राहून पाहणाऱ्याला तो तसा वाटला नसता. गुरांचे भाव कोसळले. बाजाराला नेलेलें जनावर तसेंच परत हांकून आणण्याची पाळी शेतकऱ्यांवर येऊं लागली. शेवटीं वासरें वाढविण्यापेक्षां मारणें स्वस्त, असा हिशेब सरकारनेंच मांडला, आणि वासराच्या कातड्यामागें बक्षीस देण्यास आरंभ केला. खप नसलेलें गोमांस गरिबांना फुकट वांटण्यांत आलें. मीथसारख्या सुपीक परगण्यांतील मोठे गुरेंपाळ उद्ध्वस्त झाले. ते बहुतेक तहाच्या बाजूचे होते आणि डी व्हॅलेरांना शिव्याशाप देत होते. कोणीहि म्हणेल कीं, अशा राज्यकर्त्याला मतदार पहिल्याच संधीला घरीं पाठवितील. झालें उलट. जानेवारी १९३३ च्या निवडणुकींत डी व्हॅलेरांच्या पक्षाला १५३ पैकीं ७७ जागा मिळाल्या. आर्थिक युद्ध मिटल्यानंतर जून १९३८ मध्यें तर १३८ पैकीं ७७.

हें कसें झालें? राष्ट्राभिमान हें एक कारण होतेंच. पण तें एकटें पुरेसें नाहीं. त्याच वर्षांत सरकारनें गरिबांच्या घरांचा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर हातीं घेतला. डब्लिनच्या जुन्या, पडक्या चाळींतून एकेका खोलींत एकेक कुटुंब राहत असे. ही वस्ती युरोपांतील अत्यंत वाईट वस्त्यांपैकीं गणली जाई. १९३२ पासूनच्या दहा वर्षांत सरकारी साहाय्यानें बांधलेल्या व दुरुस्त केलेल्या घरांची संख्या लाखाच्या वर गेली. बेकारांना भत्ता मिळूं लागला, विधवांना निवृत्तिवेतन मिळूं लागलें, आणि जकातीच्या आडोशाला कांहीं कारखानेहि उभे राहिले. छोट्या माणसाचें गुराबाजारांतील नुकसान खरें होतें. परंतु त्याच्या डोक्यावर छप्पर आलें हेंहि तितकेंच खरें होतें. एप्रिल १९३८ च्या करारानें लंडननें एकरकमी एक कोट पौंड घेऊन हप्त्यांचा हक्क सोडला व आपल्या ताब्यांतील बंदरेंहि परत केलीं. डी व्हॅलेरांचा हा विजय गाजला. पण करार होण्यापूर्वीं सहा वर्षें त्यांना ज्यानें तारलें तें त्या घरांनीं, असें म्हणण्यास जागा आहे.

आतां सीमेकडे वळलें पाहिजे. १ एप्रिल १९२३ रोजीं आयर्लंडच्या दोन भागांमध्यें पहिल्यानें जकातनाके उभे राहिले. ही सीमा कोणा मोठ्या डोंगरानें किंवा महानदानें आंखलेली नाहीं. जुन्या परगण्यांच्या ज्या शिवा होत्या त्याच राष्ट्रांच्या सीमा झाल्या. सुमारें पांचशें किलोमीटरांची ही रेषा कोठें एखाद्याच्या शेतांतून जाते, तर कोठें एखाद्या घराला वळसा घालते, आणि दोनशेंहून अधिक रस्ते तिला ओलांडतात. माल नेण्यासाठीं त्यांपैकीं थोडेच रस्ते सरकारमान्य ठरविण्यांत आले. मग जें व्हावयाचें तें झालें. दुसऱ्या महायुद्धांत दक्षिण तटस्थ होती, उत्तर युद्धांत होती. दोहोंकडे टंचाई होती, पण ती निरनिराळ्या जिनसांची. दक्षिणेंतून लोणी उत्तरेस जाई. उत्तरेंतून चहा व पांढरा पाव दक्षिणेस येई. चोरट्या व्यापारांत बायका-मुलांसह गांवेंच्या गांवें गुंतलेलीं असत, आणि त्यांत पाप आहे असें फारसें कोणाला वाटत नसे. १९६९ नंतर मात्र या रेषेचें रूप भयंकर झालें. उत्तरेंतील दंगली व दहशत यांत तीन दशकांत साडेतीन हजारांहून अधिक माणसें मेलीं. जकातनाक्यांवर बाँब पडूं लागले, लष्कराचे टेहळणीचे बुरूज उभे राहिले, लहान रस्त्यांत सैन्यानें खड्डे पाडून ते बंद केले.

याचा शेवट दोन गोष्टींनीं झाला. आयर्लंड व ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजीं एकाच दिवशीं युरोपीय बाजारसमूहांत आले होते. १९९३ च्या आरंभीं त्या समूहांतील अंतर्गत जकातनाके उठले आणि या सीमेवरचेहि उठले. दुसरी गोष्ट म्हणजे १० एप्रिल १९९८ चा बेलफास्टचा करार. दोन्ही भागांतील जनतेनें तो त्याच वर्षीं २२ मेला मतदानानें मान्य केला, आणि हळूहळू बुरूज उतरले. अखेर अखेर सीमा ओळखावयाची ती रस्त्यावरच्या पाट्यांवरून: दक्षिणेंत अंतर किलोमीटरांत, उत्तरेंत मैलांत. उत्तरेंतील दूध दक्षिणेंतील कारखान्यांत जाऊं लागलें. डब्लिनला तयार होणारी गिनेस बेलफास्टला जाऊन बाटल्यांत भरली जाई आणि पुन्हा दक्षिणेला विक्रीस येई. सीमा कोठें आहे हें ट्रक हांकणाऱ्याला आठवावें लागूं नये, इतकी ती पुसली गेली होती.

२३ जून २०१६ रोजीं ब्रिटनच्या मतदारांनीं शेंकडा ५१.९ मतांनीं युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. उत्तर आयर्लंडनें शेंकडा ५५.८ मतांनीं राहण्याचा कौल दिला होता, पण तो विचारांत घेण्याचें कारण कोणाला पडलें नाहीं. दुसऱ्याच दिवशीं पौंड घसरला. त्याचा पहिला तडाखा बसला तो अळंबीं पिकविणाऱ्या आयरिश शेतकऱ्यांना. त्यांचा जवळ जवळ सगळा माल ब्रिटनच्या दुकानांत जाई, आणि भाव पौंडांत आगाऊ ठरलेले असत. पौंड पडला, नफा गेला, आणि कांहीं महिन्यांत कित्येक अळंबीगृहें बंद झालीं. ब्रेक्झिट प्रत्यक्षांत येण्यास अद्याप तीन वर्षांहून अधिक अवकाश होता, ही गोष्ट येथें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. अनिश्चितता ही स्वतःच एक प्रकारची जकात असते. ती कोणत्याहि खजिन्यांत जमा होत नाहीं, एवढाच फरक.

एकंदर हिशेबानें पाहतां आयर्लंड आतां १९३२ चें राहिलें नव्हतें. औषधें, संगणक व तत्सम मालाचे अमेरिकन कारखाने तेथें आले होते, आणि मालाच्या निर्यातींत ब्रिटनचा वांटा आठव्या हिश्शापर्यंत खालीं आला होता. पण शेतीच्या मालाची गोष्ट निराळी. आयरिश खाद्यपदार्थांच्या निर्यातींपैकीं एक तृतीयांशाहून अधिक माल अजून ब्रिटनलाच जाई. गोमांसाचा सुमारें निम्मा भाग आणि चेडर चीजचा मोठा भाग तिकडेच खपे. शिवाय युरोपांत जाणारे आयरिश ट्रकहि ब्रिटनच्या भूमीवरूनच जात: डब्लिनहून जहाजानें होलीहेडला, तेथून सडकेनें डोव्हरला, आणि तेथून पुन्हा जहाजानें फ्रान्सला. थेट समुद्रमार्गाच्या जवळ जवळ निम्म्या वेळांत माल पोहोंचे. आणि या सर्वांहून मोठी भीति सीमेची. जकातनाका पुन्हा उभा राहिला तर त्याला पहारा लागेल. पहाऱ्यावर कोणीतरी गोळी झाडील. मग पहाऱ्याला सैन्य लागेल. आयरिश मुत्सद्द्यांनीं युरोपच्या राजधान्यांतून हा क्रम पुन्हा पुन्हा समजावून सांगितला, आणि तो काल्पनिक नाहीं हें ऐकणाऱ्यांना पटलें, कारण तो एकदां घडून गेलेला होता.

येथवर ही परराष्ट्रनीतीची कथा झाली. तिचा घरच्या राजकारणावर जो परिणाम झाला तो मात्र फारसा कोणाच्या ध्यानांत आला नाहीं, आणि निवडणुकीच्या कोड्याची किल्ली तेथेंच आहे. २००८ नंतरच्या आर्थिक अरिष्टांत बँका बुडाल्या, नोव्हेंबर २०१० मध्यें आयर्लंडला ८५ अब्ज युरोंच्या साहाय्य-योजनेचा आसरा घ्यावा लागला, आणि २०११ च्या निवडणुकींत फिआना फॉल अवघ्या वीस जागांवर आला. काटकसरीचा कडू काढा पाजण्याचें काम मग फिने गेलकडे आलें, आणि फेब्रुवारी २०१६ मध्यें लोकांनीं त्यालाहि झिडकारलें. फिने गेल ५०, फिआना फॉल ४४, शिन फेन २३. बहुमत कोणालाच नाहीं. सत्तर दिवसांच्या घासाघिशीनंतर एक अपूर्व तोड निघाली. एंडा केनी यांनीं फिने गेलचें अल्पमताचें मंत्रिमंडळ बनवावें, आणि फिआना फॉलनें विरोधी बांकांवर बसून तें पडूं देऊं नये. ही व्यवस्था तीन अंदाजपत्रकांपुरती होती. तिची मुदत २०१८ च्या अखेरीस संपली. नेहमींचा काळ असता तर फिआना फॉलचे पुढारी मिहॉल मार्टिन यांनीं मंत्रिमंडळ पाडून निवडणूक घेतली असती. पण लंडनमध्यें सर्वच अस्थिर झालें होतें. अशा वेळीं देशांत निवडणूक लावणें राष्ट्रहिताचें नाहीं, असें सांगून मार्टिन यांनीं १२ डिसेंबर २०१८ रोजीं आपला पाठिंबा आणखी एक वर्षानें वाढविला.

मार्टिन यांचें हें वर्तन सन्मान्यच होतें. त्याचा परिणाम मात्र असा झाला कीं, ज्या व्यापारी झगड्यानें १९३२ सालीं दोन पक्षांतील वैर पेटविलें, त्याच प्रकारच्या झगड्यानें आतां तें विझविलें. ब्रिटनशीं कसें वागावें या प्रश्नावर लोकसभेंत सर्व पक्षांचें एकमत होतें. शंभर वर्षांच्या भाऊबंदकीचें मूळ कारणच तें. त्यावरच एकमत झाल्यावर भांडण उरलें कशाचें? आणि मग सरकारच्या घरांविषयींच्या व रुग्णालयांविषयींच्या गैरकारभारावर तुटून पडण्याची, म्हणजे विरोधी पक्षाची, जागा रिकामी राहिली.

घरांची स्थिति खरोखर वाईट होती. २००६ सालीं आयर्लंडांत ऐंशी हजारांहून अधिक घरें बांधलीं गेलीं. २०१३ सालीं ही संख्या पांच हजारांनाहि पोहोंचली नाहीं. बांधणारे देशोधडीला लागले, कारागीर ऑस्ट्रेलियाला व कॅनडाला गेले. मग व्यापार सुधारला, नोकऱ्या आल्या, माणसें आलीं, आणि घरें नव्हतीं. डब्लिनमध्यें सरासरी भाडें दरमहा दोन हजार युरोंच्या आसपास गेलें. शिकलेलीं, पगारी मुलें तिशी गांठली तरी आईबापांच्या घरीं राहूं लागलीं. सरकारी तात्पुरत्या निवाऱ्यांत राहणारांची संख्या २०१९ सालीं दहा हजारांवर गेली. इकडे जमाखर्च शिलकीचा, तिकडे ब्रुसेल्समध्यें जयजयकार, आणि तरुण मतदार सामानाच्या पेट्या घेऊन भाड्याच्या खोल्या बदलीत फिरत होता.

वराडकरांनीं १४ जानेवारी २०२० रोजीं निवडणूक जाहीर केली. १० ऑक्टोबर २०१९ ला लिव्हरपूलजवळ बोरिस जॉन्सन यांच्याशीं झालेल्या भेटींत त्यांनीं अडलेला गाडा हलविला होता. आठवड्याभरांत करार झाला. आयर्लंडच्या भूमीवर जकातनाका येणार नव्हता. त्याऐवजीं तपासणी ब्रिटन व उत्तर आयर्लंड यांमधील समुद्रावर होणार होती. या यशाचें फळ मिळेल असें त्यांना वाटणें चुकीचें नव्हतें. पण त्याच महिन्याच्या आरंभीं एक भलतेंच प्रकरण उद्भवलें. १९२२ पर्यंत ब्रिटिश राजवटीची नोकरी केलेल्या आयरिश पोलीसदलाचें स्मरण करण्याचा सरकारी समारंभ ठरला होता. याच दलांत १९२० सालीं ‘ब्लॅक अँड टॅन’ म्हणून कुप्रसिद्ध झालेले शिपाई भरती करण्यांत आले होते. लोकांत संताप उसळला आणि समारंभ तहकूब करावा लागला. शिवाय निवृत्तिवेतनाचें वय सदुसष्टावर नेण्याचा बेत होता; म्हाताऱ्यांनाहि तक्रारीला जागा झाली.

शिन फेनचें नांव या सर्वांत पुढें येईल असें त्या पक्षालाच वाटत नव्हतें. मे २०१९ च्या स्थानिक निवडणुकींत त्याच्या निम्म्या जागा गेल्या होत्या, म्हणून त्यानें या वेळीं सबंध देशांत केवळ ४२ उमेदवार उभे केले. उत्तरेंतील सशस्त्र चळवळीशीं असलेल्या नात्यामुळें जुन्या पिढीनें या पक्षाला दूर ठेविलें होतें. तें अकारण नव्हतें. ज्यांच्या घरांतील माणसें मेलीं त्यांना विसरण्याचा उपदेश कोणीं करावा? पण २०१८ पासून पुढारीपण डब्लिनच्या मेरी लू मॅकडोनल्ड यांच्याकडे आलें होतें, आणि पहिल्यानेंच मत देणाऱ्या मुलाला १९९८ पूर्वींचें कांहींच आठवत नव्हतें. पहिल्या पसंतीच्या मतांपैकीं शेंकडा २४.५ शिन फेनला पडलीं. ही सर्वांत मोठी संख्या होती. आयर्लंडांतील मतदान आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीप्रमाणें पसंतिक्रमानें होतें. विजयी उमेदवाराचीं जादा मतें दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. शिन फेनच्या कित्येक उमेदवारांना गरजेपेक्षां हजारों मतें अधिक पडलीं, पण तीं घेण्यास त्या पक्षाचा दुसरा उमेदवारच नव्हता. तीं इतर लहान डाव्या पक्षांच्या पदरांत पडलीं. फिआना फॉलनें १९५९ व १९६८ सालीं ही पद्धतच रद्द करण्याचा प्रस्ताव जनतेपुढें ठेविला होता आणि जनतेनें तो दोन्ही वेळां फेटाळला होता. ती पद्धत राहिली नसती तर २०२० चा निकाल काय लागला असता, याची कल्पनाच केलेली बरी.

पुढें जें झालें तें डी व्हॅलेरा व कॉलिन्स यांच्या अनुयायांना स्वप्नांतहि दिसलें नसतें. २७ जून २०२० रोजीं साथीच्या भयानें लोकसभा नेहमींची जागा सोडून डब्लिनच्या परिषद्गृहांत भरली, आणि फिआना फॉल, फिने गेल व हरित पक्ष यांचें संयुक्त मंत्रिमंडळ तेथें मंजूर झालें. आधीं मार्टिन मुख्य प्रधान, आणि डिसेंबर २०२२ पासून वराडकर, असा पाळीचा करार होता व तो तंतोतंत पाळला गेला. यादवीच्या दोन बाजू एका टेबलाशीं बसल्या. आणि विरोधी पक्षाचें पुढारीपण मॅकडोनल्ड यांच्याकडे रीतसर गेलें.

व्यापाराचा खरा बदल १ जानेवारी २०२१ पासून जाणवला. त्या महिन्यांत ब्रिटनहून आयर्लंडला होणारी आयात मागील वर्षाच्या निम्म्याहून खालीं गेली. ट्रकवाल्यांनीं ब्रिटनचा रस्ता टाळला. आग्नेय टोंकाच्या रॉसलेअर बंदराहून फ्रान्सच्या डंकर्कला थेट जहाजें जाऊं लागलीं. खरा पेंच उत्तरेंत पडला. स्कॉटलंडचे बियाण्याचे बटाटे बेलफास्टला येईनात. आपल्याच देशांतून येणाऱ्या मालाला आपल्याच बंदरांत तपासणी कां, असें ब्रिटनशीं एकनिष्ठ असलेले लोक विचारूं लागले, आणि त्यांचा प्रश्न अवाजवी म्हणतां येत नाहीं. त्यांच्या मुख्य पक्षानें फेब्रुवारी २०२२ मध्यें प्रादेशिक सरकारांतून अंग काढून घेतलें. त्याच मे महिन्यांतील निवडणुकींत शिन फेनला २७ आणि त्यांना २५ जागा मिळाल्या. सीमा आंखतांना जो प्रांत कायमचा एकनिष्ठांच्या बहुमताचा राहावा असा हिशेब केला होता, तेथें राष्ट्रवादी पक्ष पहिला आला. फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर येथील तडजोडीनें तपासणी बरीच सैल झाली, आणि आणखी एक वर्षानें, ३ फेब्रुवारी २०२४ रोजीं, शिन फेनच्या मिशेल ओ’नील तेथील पहिल्या मंत्री झाल्या.

दक्षिणेंत मात्र तेवढी लाट टिकली नाहीं. वराडकरांनीं मार्च २०२४ मध्यें अनपेक्षितपणें राजीनामा जाहीर केला व सायमन हॅरिस त्यांच्या जागीं आले. परदेशांतून येणाऱ्या लोकांविषयीं असंतोष वाढला, त्यावर शिन फेनला एक धड भूमिका घेतां येईना, आणि त्याचे जुने अनुयायी पांगले. २९ नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकींत १७४ जागांपैकीं फिआना फॉलला ४८, शिन फेनला ३९ व फिने गेलला ३८ मिळाल्या. मतदान शेंकडा साठांच्याहि खालीं राहिलें. जुन्या दोघांची बेरीज ८६, बहुमताला दोन कमी; तीं अपक्षांकडून मिळवून २३ जानेवारी २०२५ रोजीं मार्टिन पुन्हा मुख्य प्रधान झाले. आतां हे दोन पक्ष वेगळे कां आहेत, हा प्रश्न डब्लिनमध्यें थट्टेनें नव्हे तर गंभीरपणें विचारला जातो.

त्या वर्षीं जकातीची चिंता पुन्हा आली. ती या वेळीं लंडनहून नव्हे, वॉशिंग्टनहून. आयर्लंडच्या मालाच्या निर्यातीचा जवळ जवळ तिसरा हिस्सा तोंवर अमेरिकेला जात होता. २७ जुलै २०२५ रोजीं अमेरिका व युरोपीय संघ यांच्यामध्यें शेंकडा पंधरा जकातीची तडजोड झाली. ती स्कॉटलंडांतील टर्नबेरी येथें ठरली, आणि आयरिश लोण्याला व व्हिस्कीलाहि ती लागू झाली. डब्लिन व इतर शहरांत सरकारी तात्पुरत्या निवाऱ्यांत राहणाऱ्यांची संख्या त्या वर्षाच्या आरंभींच पंधरा हजारांवर गेलेली होती.